गणिताशी मैत्री : शब्दांतून समीकरण, दोरीतून काटकोन



नेहमी आपण एका प्रकरणातील उदाहरणे घेतो व पुढच्या आठवड्यात पुढे जातो. या आठवड्यात तसे न करता बीजगणित आणि भूमिती दोन्ही थोडे थोडे घ्यावयाचे ठरविले आहे. त्याला कारण एका भगिनीचे पत्र. या बाई चार घरची धुणीभांडी करतात. पती नाक्यावर उभे राहून मिळेल ते बांधकामाचे काम करतात. मुलगी यंदा दहावीला आहे. पत्राचे अक्षर मुलीचे असावे, फार सुरेख आहे. मजकूर मात्र आईचा आहे. मुलीचे पाढे पाठ आहेत, समीकरण मांडून दिले तर ती सोडविते. परंतु परीक्षेत गोष्टीसारखे लिहिलेले गणित आले की तेवढे सोडून पुढे जाते. भूमितीत सिद्धता पाठ करते आणि आकृतीतील अक्षरे बदलली की अडते. शिकवणी लावावी तर फी झेपण्यासारखी नाही. तेव्हा गणिताचा नाद सोडून बाकीच्या विषयांवर जोर द्यावा काय, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, गणिताचा नाद सोडू नका. दहावीच्या मंडळाच्या परीक्षेत गणिताचे दोन भाग असतात. भाग १ बीजगणित व भाग २ भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे लेखी, आणि २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. पण गोष्ट केवळ या शंभर गुणांची नाही. पुढे पॉलिटेक्निकला जायचे, पोलीस भरतीत उतरायचे, रेल्वे वा बँकेची परीक्षा द्यायची, तर तेथेही गणित आपल्या आधी जाऊन बसलेले असते. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले दहावीच्या गणितावर थांबली आणि मिळेल त्या कामाला लागली, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. शिकवणीविषयी म्हणाल, तर जी मुलगी मांडलेले समीकरण सोडविते तिला शिकवणीची गरज नाही असे माझे स्पष्ट मत आहे. तिला मांडणी तेवढी शिकायची आहे. त्यासाठी एक कोरी वही पुरे.

आता मांडणीचेच बघू. मुलीच्या वडिलांच्या कामावरचेच उदाहरण घेतो.

एका बांधकामावर २ मिस्त्री व ५ बिगारी यांची एका दिवसाची मजुरी मिळून ४८०० रुपये होते. दुसऱ्या दिवशी त्याच दराने ३ मिस्त्री व ४ बिगारी कामाला होते, तेव्हा ५१०० रुपये झाले. तर मिस्त्रीची व बिगाऱ्याची रोजची मजुरी किती? (आकडे सोयीसाठी घेतले आहेत. हे कोणत्याही नाक्यावरचे दर समजू नयेत.)

पहिली ओळ लिहिताना बहुतेक मुले लिहितात, "मिस्त्री = क्ष, बिगारी = य मानू." इथेच गाडी रुळावरून उतरते. मिस्त्री हा माणूस आहे, त्याचे समीकरण कसे होणार? क्ष ही नेहमी संख्या असते. म्हणून पूर्ण वाक्य लिहा : "एका मिस्त्रीची एका दिवसाची मजुरी क्ष रुपये व एका बिगाऱ्याची एका दिवसाची मजुरी य रुपये मानू." कशाची संख्या, किती काळाची, कोणत्या परिमाणात, हे तिन्ही त्या वाक्यात आले पाहिजे. (तुमच्या पाठ्यपुस्तकात चलासाठी इंग्रजी अक्षरे असतात. आपण आपल्या सोयीने क्ष आणि य घेऊ. गणिताला त्याचे काही वाटत नाही.) हे वाक्य नीट लिहिले की पुढचे आपोआप येते. दोन मिस्त्रींची मजुरी २क्ष, पाच बिगाऱ्यांची ५य, म्हणून

२क्ष + ५य = ४८०० … (१)
३क्ष + ४य = ५१०० … (२)

आता क्ष चा लोप करू. समीकरण (१) ला ३ ने व (२) ला २ ने गुणले की दोन्हीकडे ६क्ष मिळतात :

६क्ष + १५य = १४४००
६क्ष + ८य = १०२००

वजाबाकी केली की ७य = ४२००, म्हणजे य = ६००. ही किंमत (१) मध्ये घातली तर २क्ष + ३००० = ४८००, २क्ष = १८००, क्ष = ९००. मिस्त्रीची मजुरी ९०० रुपये, बिगाऱ्याची ६०० रुपये.

वजाबाकी करताना एक काळजी घ्या. खालच्या ओळीतील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलायचे असते, पहिल्याच पदाचे नव्हे. आणि ताळा दुसऱ्या समीकरणात पाहा. ज्या समीकरणातून क्ष काढला त्यात पुन्हा किंमत घालून पाहणे म्हणजे चोराकडेच चौकशी करण्यासारखे आहे. ३ गुणिले ९०० म्हणजे २७००, ४ गुणिले ६०० म्हणजे २४००, बेरीज ५१००. ताळा जुळला.

शब्दांच्या गणितात मुलांना अडविते ते गणित नव्हे, मराठी भाषा अडविते, असे माझे अनेक दिवसांचे निरीक्षण आहे. "क्ष ही संख्या य पेक्षा ५ ने जास्त आहे" हे वाक्य घ्या. मुले शब्दांच्या क्रमाने लिहीत जातात आणि क्ष + ५ = य असे मांडून मोकळी होतात. क्षणभर थांबून विचारा, दोघांत मोठा कोण? क्ष मोठा आहे. मग मोठ्यात आणखी ५ मिळविल्यावर तो लहानाइतका कसा होईल? लहानात ५ मिळवायला हवेत : क्ष = य + ५. "मोठा कोण" हा एक प्रश्न विचारायची सवय लागली, तर "पेक्षा" असलेली निम्मी गणिते सरळ होतात.

वयाच्या गणितात आणखी एक फसगत असते. हे पाहा. आईचे वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ वर्षांनी कमी आहे. ६ वर्षांनंतर आईचे वय मुलीच्या वयाच्या दुपटीपेक्षा ५ वर्षांनी जास्त असेल. तर दोघींची आजची वये काढा.

मुलीचे आजचे वय क्ष वर्षे मानू. आईचे आजचे वय ३क्ष – ४. सहा वर्षांनी मुलगी क्ष + ६ आणि आई ३क्ष – ४ + ६ म्हणजे ३क्ष + २. वय दोघींचेही वाढते. आईला सहा वर्षांनी मोठी करून मुलीला आहे तेथेच ठेवणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. आता दुसरी अट :

३क्ष + २ = २(क्ष + ६) + ५

कंस महत्त्वाचा आहे. दुप्पट करायची ती सहा वर्षांनंतरच्या वयाची, म्हणजे पूर्ण क्ष + ६ ची. कंस सोडविला की ३क्ष + २ = २क्ष + १७, म्हणून क्ष = १५. मुलगी १५ वर्षांची, आई ४१ वर्षांची. सहा वर्षांनी मुलगी २१, आई ४७. २१ ची दुप्पट ४२, त्यात ५ मिळविले की ४७. जुळले.

कंस न घालता २क्ष + ६ + ५ लिहिले असते तर क्ष = ९ आले असते आणि आईचे वय २३. म्हणजे चौदाव्या वर्षी मूल! आपल्या आज्या-पणज्यांच्या बाबतीत हे खरेही होते, पण आजच्या पुस्तकातले उत्तर असे आले की पेन खाली ठेवून मांडणी पुन्हा वाचावी. उत्तर शहाणपणाचे आहे की नाही, हे पाहणे हासुद्धा ताळाच आहे.

या ठिकाणी आयांना एक सांगावेसे वाटते. "मला गणित येत नाही, मी काय मुलांना शिकवणार" असे तुम्ही म्हणता. पण ८० रुपये किलोची भाजी पाऊण किलो घेतली की ६० रुपये, हे तुम्ही कागदाशिवाय सांगता. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे असत. त्या शाळेची पायरी आपल्या वाडवडिलांना चढू दिली गेली नाही, तरी बाजारात बसून, पाटीत माल विकून त्यांनी ते तोंडी आत्मसात केले. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द म्हणजे अपूर्णांकच आहेत. आता मुलाला उलटा प्रश्न विचारा : पाऊण किलो ६० रुपयांना, तर किलोचा भाव काय? तो जर गोंधळला तर सांगा, की भाव क्ष रुपये मान; क्ष चे तीन चतुर्थांश म्हणजे ६०; म्हणून एक चतुर्थांश म्हणजे २०; चार चतुर्थांश म्हणजे ८०. हे बीजगणित आहे. माहीत नसलेल्या गोष्टीला नाव द्यायचे, तिच्याविषयी जे खरे आहे ते लिहायचे आणि हळूहळू तिला एकटी पाडायची. बीजगणितात याहून गूढ काही नाही.

बचत गटातील भगिनींसाठी एक छोटे उदाहरण. मुलीच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी पहिल्या महिन्यात ५० रुपये बाजूला ठेवले आणि दर महिन्याला आधीच्यापेक्षा १० रुपये वाढवीत गेलो, तर बारा महिन्यांत किती जमतील? ही अंकगणिती श्रेढी आहे, पहिले पद ५०, सामाईक फरक १०. बारावा महिना ५० + ११ × १० = १६० रुपयांचा. पहिला व बारावा महिना मिळून २१०, दुसरा व अकरावा मिळूनही २१०, अशा सहा जोड्या; ६ × २१० = १२६० रुपये. सूत्र विसरला तरी जोड्या लावून उत्तर येते, आणि सूत्र तयार झाले आहे ते या जोड्यांवरूनच.

भूमितीकडे वळण्यापूर्वी फळ्याविषयी दोन शब्द. बाबासाहेबांच्या चरित्रातील तो प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले आणि वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते. ते विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन आपापले डबे आधी बाजूला केले. त्याच शाळेतून १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. आज फळ्यामागे डबे नाहीत. तरीही आपली मुले मागच्या बाकावर मान खाली घालून बसतात आणि फळ्यावर कोण येतो असे विचारले की वहीत तोंड खुपसतात, हे मला बोचते. विहाराच्या अभ्यासिकेत एक फळा आणि खडू ठेवा. रोज एका मुलाने वा मुलीने एक उदाहरण उभे राहून सोडवावे, चुकले तरी कोणी हसू नये. फळ्यावर सोडविलेले गणित वहीतल्या दहा गणितांइतके काम करते, कारण तेथे प्रत्येक पायरीचे कारण मोठ्याने सांगावे लागते.

आता भूमिती. वडील बांधकामावर जात असतील तर त्यांना आज संध्याकाळी विचारा, खोलीचा पाया आखताना कोपरा काटकोनात आहे हे कसे ओळखता? लहान कामाला गुण्या लावतात. परंतु मोठ्या आखणीला गुण्या पुरत नाही. तेव्हा गवंडी टेप घेऊन एका दोरीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर खूण करतो, दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण करतो आणि दोन खुणांमधले अंतर मोजतो. ते बरोबर ५ फूट भरले की कोपरा गुण्यात आहे. कमी भरले तर कोन आत दबलेला आहे, जास्त भरले तर बाहेर फाकलेला आहे. दोरी सरकवून ५ फूट करतात आणि खुंटी ठोकतात.

याला तुमच्या पुस्तकात पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास म्हणतात. प्रमेय असे सांगते, की काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढा असतो. व्यत्यास उलट बाजूने सांगतो, की एका बाजूचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढा असेल तर त्या बाजूसमोरचा कोन काटकोन असतो. ३ चा वर्ग ९, ४ चा १६, बेरीज २५, आणि ५ चा वर्ग २५. गवंडी वापरतो तो व्यत्यास. त्याला काटकोन आधी ठाऊक नसतो, तो त्याला सिद्ध करायचा असतो. परीक्षेत "कारण" लिहिताना प्रमेय लिहायचे की व्यत्यास, असा घोळ मुले घालतात. काटकोन दिला असेल तर प्रमेय, काटकोन दाखवायचा असेल तर व्यत्यास.

मोठी आखणी असेल तर ६-८-१० किंवा ९-१२-१५ घेतात, म्हणजे इंच-दोन इंचांची चूकही उघडी पडते. ९ फूट × १२ फूट खोलीचे दोन्ही कर्ण १५ फूट भरले पाहिजेत. एकच कर्ण मोजून समाधान मानू नये. समोरासमोरच्या बाजू समान असल्या म्हणजे चौकोन समांतरभुज झाला, आयत झाला असे नाही. दोन्ही कर्ण समान निघाले तरच तो आयत.

ही युक्ती फार जुनी आहे. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर असे आकडे पायथागोरसच्या हजाराहून अधिक वर्षे आधी कोरलेले सापडले आहेत. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञाच्या वेदी आखण्यासाठी हाच नियम सांगितला आहे. शुल्ब म्हणजे दोरी. सूत्रे ज्यांनी लिहिली त्यांची नावे राहिली. विटा ज्यांनी पाडल्या त्यांची राहिली नाहीत. म्हणून म्हणतो, तुमचे वडील कामावर जे करतात ते अडाण्याचे काम समजू नका. त्यांना त्याचे पुस्तकातले नाव सांगा आणि त्यांच्याकडून ते हाताने शिका.

एक चूक मात्र फार मुले करतात. कर्णाचा वर्ग ९ + १६ आला की वर्गमूळ घेताना ३ + ४ = ७ करून टाकतात. जरा मैदानात चालून पाहा. सरळ ३ पावले, मग काटकोनात वळून ४ पावले. सुरुवातीच्या जागी तिरके परत यायला जर ७ च पावले लागली असती, तर लोकांनी मैदानातून तिरकी पायवाट कशाला पाडली असती? आधी बेरीज, मग वर्गमूळ.

समरूप त्रिकोणांसाठी एक करून पाहण्यासारखा प्रयोग सांगतो. विहारापुढे पंचशील ध्वजाचा खांब असतो. त्यावर न चढता त्याची उंची मोजायची आहे. सकाळी उन्हात ४ फुटांची एक काठी जमिनीवर सरळ उभी धरा आणि तिची सावली मोजा. समजा ३ फूट आली. त्याच वेळी मित्राला खांबाची सावली मोजायला लावा. समजा १५ फूट आली.

खांबाचे टोक ध, बुंधा त, सावलीचे टोक स. काठीचे टोक क, तळ ख, सावलीचे टोक ग. खांब आणि काठी दोन्ही जमिनीशी काटकोनात आहेत, म्हणून कोन त = कोन ख. सूर्य इतका दूर आहे की त्याची किरणे समांतर धरता येतात, म्हणून कोन स = कोन ग. दोन कोन समान झाले, तेव्हा को-को कसोटीने त्रिकोण धतस व त्रिकोण कखग समरूप आहेत. समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू प्रमाणात असतात :

धत ÷ कख = तस ÷ खग
धत ÷ ४ = १५ ÷ ३ = ५
धत = २० फूट

नावे लिहिताना क्रम पाळा. ध च्या जागी क, त च्या जागी ख, स च्या जागी ग. क्रम बिघडला की संगत बाजू चुकतात आणि खांब काठीएवढा होऊन बसतो. सिद्धता पाठ करणाऱ्या मुलीला माझा एवढाच सल्ला आहे, की पाठ केलेली सिद्धता झाकून ठेवावी, आकृतीला स्वतःची तीन-चार निराळी अक्षरे द्यावीत आणि "पक्ष" व "साध्य" आपल्या शब्दांत लिहावे. काय दिले आहे आणि काय दाखवायचे आहे, हे ज्याला सांगता येते त्याला मधली वाट सापडते. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजल्या पाहिजेत, हे विसरू नका. मध्ये कोणी चहाला गेले तर सूर्य थांबत नाही. जमीन सपाट हवी आणि एक माप फुटांत, दुसरे इंचांत असेही चालणार नाही. ज्या क्षणी काठीची सावली काठीएवढीच होईल त्या क्षणी खांबाची सावली म्हणजेच खांबाची उंची, गणितही करावे लागत नाही.

शेवटी क्षेत्रफळ. हा धडा मुलांबरोबर पालकांनीही वाचावा, कारण आपल्या कितीतरी कुटुंबांची घरे आज पुनर्विकासात आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जुनी खोली १६० चौरस फुटांची, नवे घर ५०० चौरस फुटांचे. म्हणजे घर तिपटीहून थोडे मोठे झाले. आता मुलांना विचारा, भिंतीही तिपटीने लांब झाल्या का? जुनी खोली १० × १६ धरली तर ती १६०. नवे घर २० × २५ असे एकच आयत धरले तर ५००. लांबी-रुंदी दुपटीच्या आसपासच गेली. दोन्ही बाजू दुप्पट केल्या तर क्षेत्रफळ चौपट होते, तिप्पट केल्या तर नऊपट. "समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढे असते" हे दहावीचे प्रमेय हेच सांगते.

आणखी एक गोष्ट. करारात आणि सरकारी कागदात क्षेत्रफळ पुष्कळदा चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट. म्हणून २५ चौरस मीटर म्हणजे २५ × ३.२८ = ८२ चौरस फूट, असे कोणी केले तर ते साफ चूक. चौरस मीटर म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा तुकडा. लांबीही ३.२८ फूट, रुंदीही ३.२८ फूट. म्हणून एक चौरस मीटर म्हणजे ३.२८ × ३.२८, सुमारे १०.७६ चौरस फूट. २५ चौरस मीटर म्हणजे २५ × १०.७६ = २६९ चौरस फूट. आणि ५०० चौरस फूट म्हणजे ५०० ÷ १०.७६, सुमारे साडेशेहेचाळीस चौरस मीटर. कागदावर आकड्यापुढे "कार्पेट" लिहिले आहे की "बिल्ट-अप" हेही पाहावे. बिल्ट-अपमध्ये बाहेरच्या भिंतींची जाडीही मोजली जाते. पाय ठेवायला मिळते ती जागा कार्पेटची. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे आणि त्यात बाहेरच्या भिंती धरत नाहीत. घरी दहावीचा मुलगा वा मुलगी असेल तर सही करण्यापूर्वी हा हिशेब तिच्याकडून करवून घ्या. ताबा मिळताना टेप घेऊन खोल्या मोजण्याचे कामही तिलाच द्या. घर एल आकाराचे असेल तर जमिनीवर खडूने रेघ मारून त्याचे दोन आयत करावेत, प्रत्येकाचे क्षेत्रफळ काढावे आणि बेरीज करावी.

पुढच्या आठवड्यासाठी तीन उदाहरणे देतो. उत्तरे पायऱ्यांसह पाठवा. नुसता शेवटचा आकडा पाठविणाऱ्यांची नावे छापली जाणार नाहीत.

विहाराच्या वाचनालयासाठी जमलेल्या वर्गणीत ५० व २० रुपयांच्या मिळून ७४ नोटा होत्या आणि एकूण रक्कम २५०० रुपये भरली. तर ५० च्या किती व २० च्या किती? सुरुवातीचे "मानू" हे वाक्य पूर्ण लिहावे.

सव्वा किलो तूरडाळ १७५ रुपयांना मिळाली, तर त्याच भावाने पाऊण किलो कितीला मिळेल? हे उदाहरण आईने तोंडी करावे व मुलाने समीकरण मांडून करावे. आधी कोणाचे झाले तेही कळवावे.

रंगकामासाठी २५ फुटांची शिडी भिंतीला टेकवून ठेवली आहे. तिचा पाया भिंतीपासून ७ फूट दूर आहे, तर टोक किती उंचीवर टेकले असेल? पुढे पाया घसरून आणखी ८ फूट बाहेर गेला. तर टोकही ८ फूटच खाली येईल काय? घाईने "होय" लिहू नका. आकृती दोनदा काढा, एक घसरण्यापूर्वीची व एक घसरल्यानंतरची, आणि दोन्ही आकृत्यांत काय बदलले नाही ते आधी शोधा.